आधी खेडात एक्स-रे, मग मुंबईची स्लिप

पत्र आधी देतो, थोडं कापलंय.

"काका, मी रत्नागिरीच्या खेड तालुक्यातला, वय २८. आयटीआय करून चाकणला एका कंपनीत एसी आणि चिलरचं काम करतो, हातात २२ हजार पडतात. सौदीतल्या दमामच्या कंपनीसाठी मुंबईत इंटरव्ह्यू दिला, पास झालो. आता एजंट म्हणतो आठ दिवसात मेडिकल मारून ये नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. अडचण अशी की २०१५ ला मला टीबी झाला होता, सरकारी दवाखान्यातून सहा महिने गोळ्या घेतल्या, पूर्ण बरा झालो, आता काही त्रास नाही. एजंटला सांगितलं तर म्हणाला १८ हजार दे, सेंटरला आपली सेटिंग आहे, फिट करून देतो. अजून एक, दवाखान्यात गेलो की माझं बीपी वाढतं, मागे १५०/९५ आलं होतं. मित्र म्हणतात तीन दिवस गूळ आणि नारळपाणी घे, एक्स-रे क्लीन येतो. राजीनामा या महिन्यात द्यायचाय. आईला यातलं काहीच सांगितलं नाही. काय करू?"

अरे बाबा, तुझं पत्र वाचून पहिलं काय वाटलं सांगू, तू सगळ्यांना विचारलंस, एजंटला विचारलंस, मित्रांना विचारलंस, मला विचारतोयस, पण एका छातीच्या डॉक्टरला नाही विचारलंस. सगळा प्रश्न तुझ्या छातीच्या फोटोत आहे आणि तो फोटो तू अजून स्वतः पाहिलेला नाहीस. म्हणून आधी तेवढंच कर. स्लिप (म्हणजे मेडिकल सेंटरची अपॉइंटमेंट) नको, १८ हजार नको, राजीनामा तर नकोच नको. येत्या रविवारी गावाला जाणार असशील तर सोमवारची रजा टाक आणि खेडला नाहीतर चिपळूणला जाऊन छातीचा डिजिटल एक्स-रे काढ. काही शे रुपयांचं काम आहे. रिपोर्ट लेखी घे, फिल्म नाहीतर सीडी पण मागून घे आणि ते सगळं घेऊन छातीच्या डॉक्टरकडे जा, नुसतं एक्स-रेवाल्याच्या "काय नाय रे, ठीक आहे" वर उठून येऊ नको.

आता हे आधी का करायचं ते सांगतो, कारण इथेच पोरं फसतात. गल्फच्या मेडिकलला आपण अजून गामका म्हणतो पण आता ते वाफिद नावाच्या ऑनलाइन सिस्टीमवर चालतं, वरती रियाधची गल्फ हेल्थ कौन्सिल आहे. सौदी, कुवेत, बहरीन, ओमान, कतार, यूएई सगळे त्याच कौन्सिलचे मेंबर. स्लिप तुझ्या पासपोर्ट नंबरावर निघते, सेंटर तपासणी करून रिपोर्ट सरळ सिस्टीममध्ये टाकतं आणि एम्बसी तो तिथेच बघते. म्हणजे पूर्वीसारखं नाही की एका सेंटरला फेल झालो, कागद फाडला आणि गल्ली ओलांडून दुसऱ्या सेंटरला गेलो. पासपोर्टच्या नावापुढे एकदा अनफिट पडलं की ते तिथेच राहतं आणि मग सौदी नाही तर कुवेत बघू असं म्हणायची पण सोय उरत नाही. गावातल्या एक्स-रेवर काही वाईट निघालं तर ते तुझ्या कपाटात राहतं, सेंटरच्या एक्स-रेवर निघालं तर सहा देशांच्या कॉम्प्युटरवर जातं. एवढा फरक आहे बघ.

आता कडू बोलतो. गल्फच्या नियमात टीबीचा अर्थ आपल्या डॉक्टरांच्या अर्थापेक्षा खूप मोठा आहे. आपल्याकडे गोळ्या पूर्ण केल्या, बेडक्यात जंतू नाही, वजन भरलं, म्हणजे बरा. डॉक्टर खोटं बोलत नाहीत, तू बराच आहेस, तुझ्यापासून कुणाला काही होणार नाही. पण गल्फवाले चालू टीबीच नाही तर जुन्या टीबीची खूण पण धरतात. फुप्फुसाच्या वरच्या टोकाला बारीकसा व्रण राहिलाय, चुन्यासारखा पांढरा ठिपका दिसतोय, आवरण थोडं जाड झालंय, हे सगळं त्यांच्या अनफिटच्या यादीत येतं. मला विचारशील तर हा नियम अन्यायाचा आहे, औषध पूर्ण घेणाऱ्या माणसालाच शिक्षा दिल्यासारखा, पण नियम त्यांचा, देश त्यांचा. आपल्याला आवडला नाही म्हणून तो बदलणार नाही.

म्हणून रिपोर्टवर कुठले शब्द आलेत ते नीट वाच. "फायब्रोसिस", "फायब्रोटिक", "कॅल्सिफिकेशन", "ग्रॅन्युलोमा", "प्ल्युरल थिकनिंग" यातला एक जरी असला तरी धोका आहे समज. आणि "ओल्ड कॉख्ज" असं लिहिलं असेल तर ते टीबीच. आपल्याकडे डॉक्टर पेशंटसमोर टीबी शब्द उच्चारत नाहीत, कॉख्ज म्हणतात, ज्या जर्मन डॉक्टरने १८८२ ला टीबीचा जंतू शोधला त्याच्या नावावरून. कित्येक घरात बापाला कॉख्ज झाला होता आणि पोरांना वीस वर्षं माहीत नव्हतं की तो टीबी होता.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, तुझा टीबी फुप्फुसाचा होता की गाठींचा. मानेच्या नाहीतर काखेतल्या गाठींचा असेल तर बऱ्याच जणांचा छातीचा फोटो अगदी स्वच्छ असतो. फुप्फुसाचा असेल तरी प्रत्येकाला डाग राहतोच असं नाही, लवकर सापडला आणि औषध वेळेत सुरू झालं तर काहींच्या फोटोत शोधूनसुद्धा काही सापडत नाही. तुझं ट्रीटमेंट कार्ड शोध. २०१५ म्हणजे डॉट्सचा जमाना, आठवड्यातून तीनदा गोळ्या, खोक्यावर तुझं नाव, आशाताई नाहीतर अंगणवाडीच्या बाई समोर बसवून गिळायला लावायच्या (रोजच्या गोळ्या २०१७ ला आल्या). त्या कार्डावर कुठला टीबी ते लिहिलेलं असतं. घरी नसेल तर ज्या सरकारी दवाखान्यातून औषध घेतलंस तिथे टीबीच्या रजिस्टरला विचार. जुनी फिल्म मिळाली तर सोनंच समज, जुनी आणि नवी शेजारी लावून डॉक्टर सांगू शकतात की डाग होता तेवढाच आहे, वाढलेला नाही.

समज फोटो स्वच्छ आला. तरी गॅरंटी मी देणार नाही, कारण नियमात पूर्वी उपचार झालेला टीबी पण येतो आणि सेंटरचा डॉक्टर मागच्या आजारांचं विचारतो, फॉर्मवर तुझी सही असते. तिथे खोटं लिही असं मी सांगणार नाही. पण स्वच्छ फोटो आणि पूर्ण झालेल्या उपचाराचा कागद हातात असलेला माणूस आणि डाग घेऊन देवावर भरवसा ठेवून गेलेला माणूस यांच्यात जमीन अस्मानाचा फरक आहे. पहिल्याने जाऊन बघावं, दुसऱ्याने आधी दहा वेळा विचार करावा.

गूळ आणि नारळपाण्याचं काय सांगू. गूळ चांगला पदार्थ आहे, नारळपाणी त्याहून चांगलं, पण फुप्फुसातला व्रण म्हणजे काही धूळ बसलेली नाही जी धुऊन निघेल. हातावर भाजल्याचा डाग असतो ना तसाच तो, आत असतो इतकंच. कुणी दूध आणि हळद सांगतं, कुणी वाफ घ्यायला सांगतं, आमच्या वेळेला एक जण कच्ची अंडी सांगायचा, मी पण खाल्ली होती, पोट बिघडलं आणि एक्स-रे जसा यायचा तसाच आला.

आता सेटिंग. हे जरा सविस्तर सांगतो कारण १८ हजाराचा प्रश्न नाहीये. सेटिंग म्हणजे नेमकं काय असतं? एक तर काहीच नसतं, एजंट पन्नास पोरांकडून पैसे घेतो, त्यातली चाळीस आपोआपच फिट होणार असतात, त्यांना वाटतं सेटिंगने झालं, उरलेल्या दहांना सांगतो "तुझा केस हेवी होता". नाहीतर दुसऱ्या कुणाला तुझ्या जागी उभं करतात नाहीतर कागदात खाडाखोड, म्हणजे सरळ सरळ गुन्हा, आणि त्यात पासपोर्ट तुझा अडकतो, एजंटचा नाही. बरं धरून चाल की झालं काम, फिट आला, स्टॅम्पिंग झालं म्हणजे व्हिसा लागला, विमानात बसलास. पुढे काय? सौदीत उतरल्यावर इकामा (तिथे राहायचा परवाना) काढायच्या आधी परत मेडिकल असतं, परत एक्स-रे, परत रक्त. तिथे तुझा एजंट नसतो.

मी १९९९ ला सौदीतच जुबैलला गेलो, अकरा वर्षं होतो. आमच्या खोलीत सांगलीकडचा एक वेल्डर आला होता, हाताला फार सफाई, माणूस पण चांगला, भाकऱ्या थापायचा तो आमच्यासाठी. इकडे कुणाला तरी पैसे चारून फिट झाला होता. इकाम्याच्या मेडिकलला एक्स-रेमध्ये पकडला. कॅम्पचा फोरमन संध्याकाळी येऊन म्हणाला सामान भर. तेविसाव्या दिवशी परत, पगार एकही नाही, आणि घरी सोसायटीचं कर्ज तसंच. जाताना त्याने तवा मला दिला, म्हणाला आता इथे कुणाला भाकरी करू. तो तवा अजून माझ्या घरात आहे. तुझ्या पत्रात "सेटिंग" शब्द वाचला आणि तोच आठवला.

तेव्हा एजंटला सांग, १८ हजार देत नाही. जागा गेली तर जाऊ दे. आणि जाता जाता तो एजंट रजिस्टर्ड आहे का ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघ, लायसन्स नंबर टाकला की दिसतं. रजिस्टर्ड एजंट सर्व्हिस चार्ज म्हणून जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी घेऊ शकतो, तेही पावती देऊन. "मेडिकलचे वेगळे, सेटिंगचे वेगळे, ऑफिस खर्चाचे वेगळे" हे सगळं मग कशात बसतं ते त्यालाच विचार. आणि नोकरीला जातोयस तर व्हिसा नोकरीचाच हवा, "आधी व्हिजिटवर जा, तिकडे बदलू" असं बोलला तर उठून ये.

आठ दिवसात मेडिकल कर ही घाई पण मला पटत नाही. मेडिकल रिपोर्टला मुदत असते, तारीख छापलेली असते, त्याच्या आत स्टॅम्पिंग व्हावं लागतं. तुझा ट्रेड एसीचा, आणि सौदीने आपल्याकडच्या ज्या ट्रेडना स्किल टेस्ट लावली त्यात प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर यांच्याबरोबर एसीवाले पहिल्या खेपेतच होते, तिकडे त्याला ताकामोलची टेस्ट म्हणतात. ती दिलीस का? नसशील दिली तर आधी तिची तारीख, तिचा निकाल, मग कंपनीकडून व्हिसाचे कागद, आणि हे सगळं व्हायला मुदतीपेक्षा जास्त दिवस लागले तर आज काढलेलं मेडिकल तोवर एक्स्पायर. परत स्लिप, परत फी, परत रजा. एजंटला घाई का असते माहितीये का, मेडिकलला पैसे घातलेला माणूस मागे फिरत नाही. म्हणून त्याला सरळ विचार, व्हिसा निघालाय का, नंबर दाखव. दाखवला तर मेडिकलचं बोलू.

बीपीचं टेन्शन मात्र सोड, ते हातातलं आहे. दवाखान्यात गेलं की बीपी वाढणारी माणसं खूप असतात, पण १५०/९५ हे नुसतं भीतीने आलं का खरंच आहे ते बघायला हवं. मेडिकल स्टोअरमध्ये दंडाला बांधायचं मशीन मिळतं ते घे किंवा कुणाचं आण, आणि आठवडाभर सकाळ संध्याकाळ घरी मोजून वहीत लिही. मोजायची पण पद्धत आहे, आधी अर्धा तास चहा नाही, विडी सिगारेट नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, मोबाईल लांब. घरी पण १३५/८५ च्या वर येत असेल तर डॉक्टरकडे जा आणि ते म्हणाले तर गोळी सुरू कर. गोळी चालू आहे म्हणून कुणी अनफिट करत नाही, बीपी कंट्रोलमध्ये नसेल तर करतात. काही पोरं "गोळी दिसली तर फेल करतील" म्हणून दोन दिवस आधी बंद करतात आणि सेंटरला १७० घेऊन बसतात. शुगरवाल्यांना पण हेच.

रक्ताचं बघू. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिसची टेस्ट, मलेरिया, शुगर, लिव्हर, किडनी, हिमोग्लोबिन, मग लघवी आणि संडास. डोळे, कान, त्वचा बघतात, कुष्ठरोगाचे चट्टे वगैरे आहेत का ते. तुला रंग ओळखायची टेस्ट पण लागू शकते, वायरचे रंग बघायचा धंदा आहे तुझा. यातलं बहुतेक खेडच्या लॅबमध्ये आधी करून घेता येतं, सगळं करायची गरज नाही, पण कावीळ बी आणि सी, लिव्हर आणि किडनीचं क्रिएटिनिन एवढं एक्स-रेबरोबर करून घे असं मी म्हणेन. कावीळ बी कित्येक जणांना या मेडिकलमध्येच पहिल्यांदा कळते, वर्षानुवर्षं अंगात असते आणि काही त्रास नसतो. आणि एक गंमत लक्षात ठेव, कुणीतरी सांगेल म्हणून मेडिकलच्या तोंडावर कावीळ बीची लस घेऊ नको, लस घेतल्यावर थोडे दिवस तीच टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. लस घे, जरूर घे, पण मेडिकल झाल्यावर, नाहीतर महिनाभर तरी आधी.

जिमला जातोस का? पावडर, क्रिएटिन वगैरे खात असशील तर डॉक्टरला सांगून बंद कर, क्रिएटिनिन वर दिसतं आणि किडनीची शंका घेतात. दारू पीत असशील तर, विचारत नाहीये, फक्त सांगतोय, दोन तीन आठवडे बंद. लिव्हरचे आकडे फार चुगलखोर असतात.

फोटो बरा आला, डॉक्टर जा म्हणाले, व्हिसा नंबर दिसला, की मग स्लिप. ती स्वतः काढ, वाफिदच्या साईटवर, मोबाईलवरून पण होते. कार्डाने पैसे भरायचे असतात, डॉलरमध्ये, तुझ्या कार्डावर इंटरनॅशनल चालू आहे का ते आधी बँकेच्या ॲपमध्ये बघ. पासपोर्ट नंबर तीन वेळा तपास, शून्य आणि ओ, आठ आणि बी. नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांचं नाव जोडून असेल तर जोडून. देश सौदी, व्हिसा वर्क, शहर मुंबई. हे पैसे फक्त स्लिपचे, सेंटरची फी वेगळी, ती सेंटरवर भरायची आणि पावती घ्यायची. सायबर कॅफेवाला शंभर दीडशे जास्त घेऊन काढून देतो, त्यात वाईट काही नाही, पण शेजारी बसून नंबर तू वाच. स्लिपवर सेंटरचं नाव येतं, तिथेच जायचं, एजंटच्या ओळखीच्या तिसऱ्याच ठिकाणी नाही.

जायच्या आदल्या रात्री नीट झोप. गावाहून जाणार असशील तर कोकणकन्या पहाटे मुंबईत सोडते खरी, पण रात्रभर दाराजवळ बसून येशील, तसाच सेंटरला जाशील आणि मग बीपी वाढलं म्हणून रडशील. त्यापेक्षा आदल्या दिवशी जा, कुणा नातेवाईकाकडे रहा. उपाशी यायचं का ते सेंटरला फोन करून विचार. मूळ पासपोर्ट, झेरॉक्स, स्लिपची प्रिंट, फोटो, चष्मा असेल तर चष्मा. गळ्यातली चेन, ताईत, जे असेल ते घरी ठेव. एक्स-रेला श्वास पूर्ण भरून धरायचा, हलायचं नाही, अर्धवट श्वासात फोटो धुरकट येतो आणि नसलेलं दिसायला लागतं.

आणि संडासचा नमुना. हसू नको. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळं झालं, डबी हातात दिली आणि काही केल्या होईना, एसटीचा प्रवास, टेन्शन, परका संडास. तीन केळी खाल्ली, दोन चहा प्यायलो, दुपारी एक वाजता काम झालं, तोवर लाईनीतल्या सगळ्यांना माझं नाव पाठ झालेलं. सेंटर बंद व्हायच्या आत दिला एकदाचा. तेव्हा सकाळी घाईघाईत सगळं उरकून जाऊ नको, थोडं राखून ठेव.

दोन तीन दिवसात रिपोर्ट साईटवर पासपोर्ट नंबर टाकून स्वतः बघता येतो. एजंट "बघून सांगतो" म्हणाला तरी तू बघ. अनफिट आलाच तर सेंटरला जाऊन डॉक्टरला भेट, कारण विचार, एक्स-रेची कॉपी माग. जंत, मलेरिया, बीपी अशा गोष्टी असतील तर उपचार करून परत तपासणीचं बोलता येतं, डागाचं तसं नाही.

आता समज, खेडच्या फोटोतच डाग निघाला. मग काय? मग दमामचा नाद सोड असं मी सांगेन, मनाला लागेल, पण १८ हजार आणि स्लिप आणि सेंटर आणि नोकरी वाचवून लागेल. सगळं जग मात्र गल्फसारखं नाहीये. ब्रिटनला सहा महिन्यांच्या वर जायचं तर टीबीची टेस्ट लागते, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडे मेडिकल असतं, पण टीबीच्या बाबतीत तिथे प्रश्न एवढाच की आत्ता तो चालू आहे का. जुना डाग दिसला तर बेडका तपासायला घेतात, कल्चरला (जंतू वाढतात का ते बघायला) आठवडे जातात, निगेटिव्ह आला की पुढे. तिकडचे रस्ते लांब आहेत, इंग्रजीची परीक्षा, अनुभवाचे कागद, पैसा, उद्या सकाळी होणारं काम नाही हे. पण चिलरचं काम येणाऱ्याला हॉस्पिटल, मॉल, डेटा सेंटर, कोल्ड स्टोरेज सगळीकडे मागणी आहे, नवी मुंबईत सुद्धा. चाकणच्या २२ हजारावर अडकून राहा असं नाही म्हणत मी.

आणि फोटोत काही नवीन दिसलं, किंवा खोकला दोन आठवड्यांच्या वर आहे, वजन उतरलंय, संध्याकाळी ताप येतोय असं काही असेल, तर मेडिकल बिडिकल बाजूला ठेवून सरळ सरकारी दवाखान्यात जा, बेडक्याची मशीनवरची तपासणी फुकट आहे, औषध फुकट आहे, वर उपचार चालू असेपर्यंत खुराकासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, पूर्वी ५०० होते.

राहिली आई. तिला टेन्शन नको म्हणून सांगितलं नाहीस, पण २०१५ ला तुला दवाखान्यात घेऊन कोण जात होतं? तुझं ते कार्ड पण बहुतेक तिच्याच ट्रंकेत सापडेल, लग्नाच्या पत्रिका आणि लाईट बिलांच्या मध्ये कुठेतरी. कार्ड शोधायला तरी तिला सांगावंच लागेल, तर सगळंच सांग.

एक्स-रे काढलास की रिपोर्टवर जे लिहिलंय ते शब्दन् शब्द मला पाठव, फोटो काढून पाठवलास तरी चालेल, नाव झाकून. राजीनामा टाईप करून ठेवला असशील तर तो मोबाईलमध्येच राहू दे.